शंभर टनांची हिल्का

केमीच्या बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवली हिल्कानं.
आता दर गुरुवारी, वाचनालयाच्या तळघरात,
शंभर टनांचा मेक चालवते.
म्हणते, फरक एवढाच,
इथं खालून कुणी ओरडत नाही.

पहिल्या दिवशी मी टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभा.
सगळं दिसावं म्हणून.
सगळ्यांना मीच दिसलो.
अकरा सेकंद.

थर्मासचं झाकण फिरवत ती म्हणाली,
माथा बघायला असतो, राहायला नाही.
उतारामागं थांब, खांदे तेवढे वर.
दोनदा मार आणि जागा सोड,
तिसऱ्या वेळेपर्यंत ती त्यांना पाठ झालेली असते.
काटा लाल झाला की हात आवर,
तापलेल्या यंत्राशी हुज्जत नको.
आणि लांब पोचतं म्हणून माजू नकोस :
दोनशे पावलांच्या आत आलेल्या चिलटालाही
तुझं मिसाईल ओळखत नाही.

तिचे डोळे म्हणजे एलिस.
वीस टनांचं चिमुकलं यंत्र घेऊन पुढं पळायचा,
शत्रूवर खूण टेकवायचा,
आणि हेडफोनमध्ये तिचं शांत "पोचलं",
मग तीन टेकड्यांपलीकडं आभाळ कोसळायचं.

जानेवारीत एलिस सैन्यात गेला, सोदानक्युलाला.
अठरा झाले की जावंच लागतं इथं.
त्याच्या खुर्चीवर आता आमचे कोट.

त्या गुरुवारी रडार काळं.
तिची चाळीस मिसाईलं
एकामागून एक बर्फात जाऊन निजली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
भिंतीतल्या नळातून गरम पाणी वाहत होतं तेवढंच.

मग उतारामागून ते धूड हललं.
पुढं.
हिल्का, मी म्हटलं, तूच तर सांगितलंस...
हो, म्हणाली. तू थांब तिथंच. खांदे वर.

आणि ती उघड्या मैदानात
क्रेनचा हूक उतरावा तशी चालत राहिली,
सावकाश, वारा मोजत.
एक हात तुटला, मग गुडघा.
प्रत्येक ठिणगीआड मला एक खूण दिसत होती :
इथं आहेत. इथंही. उजवीकडं तिघं.
मार ना, कसली वाट बघतोस?

मी मारलं.

घरी जाण्याआधी तिनं एलिसला दोन ओळी पाठवल्या.
मी चोरून वाचल्या :
आज तुझं काम केलं.
सव्वा मिनिट टिकले. तू रोज कसा रे?