एकही दार नसलेली

दोनशे अठरा किलो.
आकडा सांगताना जुमा ओशाळून हसला,
स्थळाला मुलीचं खरं वय सांगावं तसा.
मी म्हटलं, असू दे.
सूरच्या हाडांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं काढलीत,
याहून जड माणसं कुशीवर वळवलीत मी,
तीही कण्हत, शिव्या देत.

बेड नंबर सहा.
मणक्यातली चकती सरकलेली,
कमरेला पट्टा आणि जगावर राग.
डिस्चार्जच्या कागदावर सही करताना म्हणाला,
सिस्टर, नऊशे सीसी आहे, निळी.
काय वाटेल ते करीन,
पण मेव्हण्याला देणार नाही.

सोळाशे रियाल.
इस्लामपूरच्या मोरीच्या फरशा
यंदाही राहिल्या.

विम्याच्या खिडकीतल्या पोरानं विचारलं, मालकाचं नाव?
कालिंदी आनंदा लोहार.
त्यानं मान उंचावून माझ्या मागं पाहिलं.
मागं पाण्याचा कूलर होता.

आईला फोनवर सांगितलं, गाडी घेतली.
बरं केलंस बाई. किती दारांची?
एकही नाही.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
मग कुलूप कुठं लावतीस?

आमच्याकडं लूना होती.
दादा पुढं, मी मागं, मांडीवर दळणाचा डबा.
चढ आला की तो मागं न बघता म्हणायचा, उतर गं.
मी उतरायची. डबा घेऊन चालायची.
वर तो थांबलेला असायचा, एक पाय जमिनीवर,
शीळ घालत.
माझं अर्धं लहानपण
चढावर उतरण्यात गेलं.

पहिल्याच दिवशी पाडली.
कुठं, तर हॉस्पिटलच्या दारात, ड्युटी बदलायच्या वेळेला.
लिझम्मा किंचाळली, वॉचमन धावला,
वरच्या मजल्यावर काठ्या, वॉकर, प्लास्टरचे पाय
खिडकीशी गोळा झाले.
मी म्हटलं, कुणी हात लावू नका.
पाठ सीटला टेकवली. गुडघे वाकवले.
कंबरेनं नाही उचलायचं, मांड्यांनी,
दरसाल नव्या पोरींना हेच तर घसा कोरडा करून सांगते.
श्वास घेतला, आणि उठवली.
उठली की बाई!
आरशाला थोडं खरचटलं, बाकी शुद्धीवर.

मग शुक्रवार.
रात्रपाळी संपवून, पहाटेची अजान होऊन गेल्यावर,
पायात वॉर्डातलेच पांढरे बूट.
बटण दाबलं. हात आपोआप टाकीवर गेला,
कपाळावर ठेवावा तसा.
नाडी मिनिटाला बाराशे,
आणि काळजीचं काहीच कारण नाही.

खाडीवरचा पूल ओलांडला,
खाली एक लाकडी गलबत ओहोटीत कलंडलेलं.
दीपगृह मागं पडलं,
डावीकडं समुद्र, अजून रंग न भरलेला.
दुसरा गिअर. तिसरा. चौथ्याला
रस्त्याचे पांढरे पट्टे एकमेकांत मिसळले
आणि माझ्या पोटात कुणीतरी पतंगाला ढील दिली.
हेल्मेटच्या आत मी हसले, इतक्या मोठ्यानं
की काचेवर वाफ धरली,
ती वर करायला एक हात सोडला,
एक हात! मी!

पुढं खडकांमधून चढ लागला.
जुन्या सवयीनं उजवा पाय सैल झाला,
उतरायच्या तयारीत.
मी मनगट मुरडलं, जराच,
ओली उशीची खोळ पिळावी एवढं.
चढ कधी संपला कळलं नाही.
माथ्यावर कुणी थांबलेलं नव्हतं.
मीही थांबले नाही.

रास अल हद्दच्या अलीकडं टपरीवर चहा घेतला,
वेलची जास्त, साखर त्याहून.
हात थरथरत होते, कप दोन्ही हातांत धरला.
उन्हात गाडी निवत होती, टिक् टिक् करत.
एक बकरी आली, टाकीवरचं खारं दव चाटू लागली.
आठवलं, किल्ली गाडीलाच आहे.

टपरीवाल्याला म्हटलं,
अजून एक दे. घाई नाही.