खटके

तिचा मुलगा किल्ली देताना म्हणाला,
"आईने चौदा वर्षं वापरली. कधी आवाज नाही."
एक्केचाळीस हजार मैल, जांभळट निसान मायक्रा,
मागच्या सीटवर चौकड्यांची शाल
आणि शालीवर, कधीच गेलेल्या कुत्र्याचे केस.
आम्हाला वॉकलीत येऊन सातच महिने झालेले.
शेफिल्डची ही बाजू म्हणजे गल्लीगल्लीत घाट,
दूधवाल्यालाही धाप लागते.

पहिल्याच रात्रपाळीला कळलं.
दुसऱ्या गिअरला दार कुरकुरतं,
तिसऱ्याला डॅशबोर्ड हिव भरल्यासारखे दात वाजवतो,
डिकीत काहीतरी जड या कुशीवरून त्या कुशीवर.
आणि सीटखालून एक बारीकशी किरकिर,
शिऱ्यात खडा लागावा तशी,
मी नेमका कान दिला की गप्प.
हँडब्रेक ओढला तर नऊ खटके.
लग्नाच्या अकरा वर्षांत आमचे नसतील उडाले एवढे.
तरी गाडी बोटभर मागे सरकली
आणि मग थांबली,
थांबायचं तिचं तिनेच ठरवल्यासारखी.

रविवारी रस्त्यावरच बसकण मारली.
यूट्यूबवरचा एक माणूस नुसताच "सोपं आहे" म्हणत होता.
उतारावर आमच्या खालचं घर ऑल्डरसनचं.
सात महिन्यांत "मॉर्निंग" यापलीकडे शब्द नाही.
तो आपणहून वर आला, हातात पान्यांचा डबा.
"दहाचा लागेल."

मधलं प्लॅस्टिक उचकटलं. खाली तिची चौदा वर्षं:
पेपरमिंटचा कागद, व्हिटबीच्या पार्किंगची पावती,
एक हिरवं बटण,
आणि गोल, चपट्या, मसुरीहून जराशा मोठ्या
सात बॅटऱ्या.
एक मी तळहातावर घेऊन बघत राहिले.
"कानातल्या मशीनच्या," ऑल्डरसन म्हणाला.
"गाडीत काढूनच ठेवायची डोरीन. म्हणायची, तेवढीच शांतता."

म्हणजे मुलगा खोटं बोलला नव्हता.

खुर्च्यांच्या पायांना लावायच्या मखमली टिकल्या
मी दाराच्या कडेला लावल्या, ग्लोव्हबॉक्सच्या ओठाला लावल्या,
डॅशबोर्डच्या फटीत फेल्टची पट्टी सरकवली चाकूच्या टोकाने.
नट अर्धा आटा. खेच. आठ.
अजून अर्धा. सात.
"बास म्हणेन तेव्हा बास," तो म्हणाला,
"फार आवळलास तर चाक धरून बसेल, जळेल."
मी मान डोलावली.
हे मला अगोदर कुणी सांगायला हवं होतं,
पण ते गाडीबद्दल नव्हे.
पाच खटक्यांवर तो म्हणाला, बास.

मग डिकी उघडली.
टोपणाच्या चाकाशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली
एक लाल वीट. एक कड झिजून गुळगुळीत.
ऑल्डरसनने ती उचलली, उलटी केली,
चुन्याच्या डागावरून अंगठा फिरवला.
"माझ्या भिंतीची," तो म्हणाला.
कोणे एके हिवाळ्यात ही गाडी रात्री एकटीच खाली गेली होती,
थेट त्याच्या भिंतीपर्यंत.
भिंत नवी बांधली. पडलेल्यातली ही एक
त्याने स्वतःच नेऊन दिली डोरीनला.
रोज संध्याकाळी ती उतरायची, चाकामागे वीट लावायची,
आणि त्याच्या खिडकीकडे बघून हात करायची.
"रोज?"
"रोज."

मी म्हटलं, आता ही तुमची तुम्ही घ्या, ब्रेक झाला की नीट.
तो काही न बोलता वीट काखोटीला मारून गेला,
पान्यांचा डबा माझ्याकडेच राहिला.

त्या रात्री गाडीत आवाज नव्हता.
हॉस्पिटलपर्यंत मला माझंच गिळणं ऐकू येत होतं.
पहाटे परतले, पाच खटके मोजून ओढले,
उतरून पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. हलली नाही.
झोपले.

दुपारी पडदा सारला.
मागच्या चाकाला वीट.
खाली त्याच्या खिडकीत कुणी दिसलं नाही,
तरी मी हात केला.