नर भिरंड

तेराव्याला फेरीबोटीवरचे तिघे आले,
युनिफॉर्मातच, ड्युटीच्या मधल्या वेळात.
हार नव्हता आणला. काळ्या पिशवीत
वीतभर रोप, चार पानं, वरची दोन तांबूस.
"भिरंड," त्यांतला वयस्क म्हणाला,
"सगुणला कढी लागायची रोज."
आणि चहा न घेताच उठले,
बोट थांबत नाही म्हणून.

रोपवाटिकेतल्या माणसाने त्यांना बजावलं होतं:
नर की मादी, आत्ता कळायचं नाही.
फुलेल तेव्हाच. सात वर्षं धरा.

मी तेव्हा अठ्ठावन्नची, शाळेतून नुकती सुटलेली.
हजेरीपटावर करायचे तसा मनात हिशेब केला
आणि विहिरीपलीकडे, जिथे तो
बोटीवरून आल्यावर पाय धुवायचा,
तिथे खड्डा घेतला. स्वतः.
नळाचा गंजका तुकडा लागला, फुटकी बशी लागली.
राख घालायची राहिली नव्हती,
ती आधीच नदीत गेली होती,
त्याच्याच बोटीवरून.

तेवीस वर्षं माझा भाऊ नार्वे ते दिवाडी करत राहिला.
साखळी सोड, फळी खाली, फळी वर.
दिवसातून कितीदा तरी पलीकडे गेला
आणि पलीकडच्या गावात कधी गेलाच नाही.
लग्नाचं काढलं की म्हणायचा,
"बायलेला कुठल्या धक्क्यावर उतरवू, सांग?"

झाड त्याच्यासारखंच वाढलं, सरळ,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
फांद्या खाली, पाहुण्यांपुढे मान घालून बसावं तशा.
मी त्याच्याशी बोलले नाही. लोक बोलतात म्हणे.
भांडी विसळलेलं पाणी ओतलं,
मार्चात दोन घागरी जास्त,
आणि एकदा, रागाने, आठवडाभर काहीच नाही.
(विम्याचे कागद त्याने कुठे ठेवले
ते शेवटपर्यंत सापडले नाहीत.)

आठव्या वर्षी फुललं.
चष्मा लावून पाहिलं:
बारीक, पिवळट, गुच्छागुच्छाने.
फळ्यावर किती वर्षं काढलेलं फूल,
त्यात जिथे मी अंडाशय लिहायचे
ती जागा रिकामी.

नर.

एर्मेलिंद कुंपणावरून म्हणाली,
"कापून टाक गो. फुकट जागा खाता."
कृषी खात्याचा मुलगा मोटरसायकलवरून आला.
मावशी, वरून छाटू, मादीचं कलम बांधू,
तीन-चार वर्षांत फळ.
मी विचारलं, मग ते झाड कोणाचं होईल?
त्याला प्रश्न समजला नाही. फॉर्म ठेवून गेला.

फॉर्म अजून तांदळाच्या डब्याखाली आहे.

पुढच्या मे महिन्यात एर्मेलिंदच्या दोन्ही म्हाताऱ्या भिरंडी
अशा लगडल्या की
पत्र्यावर, सुपात, मोडक्या पलंगावर
साली मीठ लावून वाळत पडल्या.
पायरीला रंग, कुत्र्याच्या नाकाला रंग.
बिस्किटांच्या डब्यातून तिने आणून दिली.
"घे. तुज्या भावाचीं सोलां."

मी त्या मुलाला फोन केला.
तसं काही नाही मावशी, तो म्हणाला,
भिरंडीला नर लागतोच असं नाही,
तो नसला तरी फळ धरतं.
बरं, म्हटलं.
एर्मेलिंदला सांगितलं नाही.

रात्री कढी केली. सवयीने दोन वाट्या काढल्या,
दोन्ही मीच प्याले.
खालून शेवटच्या बोटीचा भोंगा आला,
मग फळी पडल्याचा आवाज.
कोणी नवा पोर आहे, जोरात आपटतो.

सगुण हळू टेकवायचा.
काठावर माणसं निजलेली असतात, म्हणायचा.