भरतीची वेळ

मनोरीच्या खाडीअलीकडे, मिठागराला लागून
आमचा खांब उभा होता, दोनशे फुटी.
खाली चिनी मातीचा एवढासा ठोकळा,
त्यावर तोललेलं ते सगळं लोखंड.
नवा माणूस आला की मी त्याच्या हातात ट्यूबलाइट द्यायचो.
ना वायर, ना बटण, खांबाजवळ ती आपसूक पेटायची.
घाबरून टाकू नका, म्हणायचो, स्टोअरमध्ये दोनच उरल्यात.

मिठागराच्या गंजक्या कुंपणालासुद्धा आमचं केंद्र लागायचं.
पहाटे कान जवळ नेला
तर काटेरी तारेतून कुसुम तांडेल बोलायची,
बारीक, किरकिरी, पण तीच:
"अपोलो बंदर, भरती सहा वाजून दहा मिनिटं.
आपल्या खाडीत चाळीस मिनिटं मागाहून.
आज अष्टमी. भांगाचं पाणी आहे, घाई करू नका."

ही चाळीस मिनिटं कुठल्या तक्त्यात नव्हती.
तिच्या सासऱ्याने होडीत बसून मोजलेली,
तिने माझ्या लॉगबुकात पेन्सिलीने लिहिलेली.
शाईने नको म्हणाली,
खाडी गाळाने भरते, आकडा सरकतो.

मग केंद्र विकलं गेलं.
एका कंपनीने दुसरीला, दुसरीने तिसरीला.
तिसरीची पाटी आली तेव्हा
दुसरीचा रंग अजून बोटाला लागत होता.
पाटीमागून एक पोरगा आला, नम्र, बूट चिखलाने भरलेले.
चहाचा कप स्वतः विसळला त्याने.
कुसुमच्या टेबलावर एक काळा डबा ठेवला, हिरव्या दिव्याचा.
"काका, आता सगळं गुडगावहून येईल.
तुम्ही फक्त हा थंड ठेवा."
मी थंड ठेवला.

डबा सेकंदाला चुकायचा नाही.
गुड मॉर्निंग मुंबई, मग भरती, अपोलो बंदर, सहा दहा,
आणि जिथे चाळीस मिनिटं होती
तिथे साबणाची जाहिरात.

जुने जाणते कशाला फसतील?
फसला तो बेंजामिन किणीचा धाकटा,
नुकती होडी हातात आलेली, कानाशी रेडिओ.
सहा दहाला तोंडातून आत शिरला.
खडकावर अजून पाणी चढलं नव्हतं.
त्याने फोन केला तो आम्हाला,
लहानपणापासून पाठ असलेला तोच नंबर.
मी खाली पंख्याचा पट्टा बदलत होतो.
जिना चढेपर्यंत फोन थांबला.
खोलीत डबा एकटाच हसत होता, बक्षिसं वाटत होता.

पोरगा पोहत आला. होडी फुटली.
रोजच्या अहवालात 'प्रसारण: विना अडथळा' असं लिहायचं असतं.
लिहिलं. खोटं नव्हतं ते.

मार्चमध्ये खांब झोपवला.
ताणाच्या तारा कापल्यावरही
तो जरा वेळ तसाच उभा राहिला,
कुणीतरी नाव पुकारेल म्हणून थांबल्यासारखा.
जमिनीत पुरलेलं तांबं भंगारवाल्यांनी महिनाभर उकरलं.
कुंपण आहे अजून. मी कान नेतो कधी. गंज लागतो कानाला.

कधीमधी कुसुमला फोन लावतो.
आज किती, एवढंच विचारतो.
पलीकडे मिक्सर बंद होतो, ती घसा साफ करते,
लाल दिवा लागायच्या आधी करायची तसा,
आणि म्हणते:
"अपोलो बंदर, पाच पन्नास.
आपल्याकडे आता शेहेचाळीस मिनिटं झालीत हो,
पूल बांधतायत ना वर."

थांब, म्हणतो मी,
आणि लॉगबुक उघडून
खोडरबर शोधत बसतो.