केंद्र क्रमांक तीन, भवरबेट

यंत्र मांडीवर घेऊन मी तापी ओलांडली.
खाली पत्र्याची नाव, वर डिसेंबरचं ऊन,
मध्ये सरकार, म्हणजे आम्ही चौघं
आणि एक पोलीस, ज्याला पोहता येत नव्हतं.

भवरबेट हे गाव नाही.
कागदावर ते निमखेडी गट ग्रामपंचायतीच्या
प्रभाग तीनचा एक तुकडा.
बंधारा झाला, फुगवटा आला,
रस्ता तळाशी गेला आणि तिथेच राहिला.
एकूण मतदार त्रेचाळीस.

मी शाई लावत होतो.
बोटं जाळ्याने चिरलेली,
शाई चिरांत उतरायची, जास्तच काळी दिसायची.
दगा वाडिलेंनी बोट पुढे करता करता विचारलं,
"सरपंच तठला, पैसा तठला,
मंग बटन आठे काबर?"
मी म्हटलं, नियम आहे.
ते हसले,
यंदा पूर नाही म्हणणाऱ्याला हसावं तसे.

रांगेत मावळत्या सदस्य हिरकणबाई.
पाच वर्षं मासिक सभेला गेल्या,
आधी वल्हं, मग चिखल, मग दोन कोस पाय.
पोचेपर्यंत चहाचे कप विसळलेले
आणि ठराव सर्वानुमते मंजूर.
कमान. पेव्हर ब्लॉक. कमानीला रंग.
एकदाच त्या बसून राहिल्या, उठेचनात,
तेव्हा बेटासाठी एक सौर दिवा मिळाला.
तो निमखेडीच्या काठावर उभा आहे,
बेटाकडे तोंड करून.

साडेपाचला मतदान संपलं. लाख लावली.
एक्केचाळीस.
एक जण सुरतेला,
एक फक्त यादीतच जिवंत.

नाव मागितली, तर कोणी हललं नाही.
बेटावर नाव एकच,
आधी कोणासाठी सुटायची ते दाणे टाकून ठरतं.
ज्वारी म्हणजे हो, तूर म्हणजे नाही.
मडक्यावर फडकं, मूठ आत, मूठ रिकामी बाहेर.
बाया, म्हातारे, बारा वर्षांवरची पोरंसुद्धा.
आज दोन अर्ज होते:
शहाद्याच्या बाजाराची मासळी, बर्फ संपत आलेला,
आणि लोकशाही, सीलबंद.
प्रश्न एवढाच, यंत्र आधी न्यायचं का?

मीही सुपातली चार ज्वारी उचलली.
हिरकणबाईंनी माझा हात हळूच बाजूला केला.
"मास्तर, तुम्हनं नाव यादीमा शे का?"

एका पोरीने दाणे गोणपाटावर ओतले,
बोटाने जोडी जोडी करून मोजले.
केंद्राध्यक्ष घड्याळ बघत होते,
पोलीस पाणी.
तूर जास्त निघाली.

मासळी गेली.
आम्ही यंत्राभोवती बसलो.
पलीकडचा दिवा लागला, थेट डोळ्यांत.
कोणीतरी कळण्याची भाकर दिली, वर ठेचा,
आणि सांगून गेलं,
दुसऱ्या खेपेला तुमचाच नंबर,
शेळी उतरली की.