दोनशे अकरा पूर्णांक सात

काटा मेला, असं नाही म्हणाले खैरनार.
म्हणाले, "काटा शून्य दाखवतो,
आणि गाडी शून्यावर नसते."
अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे गेज नापास करण्यात गेलेला माणूस;
शर्टाच्या खिशात अजून सहा इंची पोलादी पट्टी.

आधी पाथर्डी फाट्याच्या खड्ड्यात पडायचा काटा,
मग झोपेतून दचकल्यासारखा उठायचा.
एक दिवस उठलाच नाही.
द्वारकेला कुणी सांगितलं, अख्खा मीटर बदला, साडेचार हजार.
"माप चुकलं की पट्टी फेकायची का?"
मलाच विचारलं, जणू ते मीच सांगितलं होतं.

स्कॅनर लावला. पी शून्य पाच शून्य शून्य.
कोड एवढंच बोलतो की वेग कळत नाही.
का कळत नाही, ते आपण गुडघ्यावर बसून शोधायचं.
वायरीवर उंदराचे दात नाहीत.
कनेक्टरच्या पिनांवर हिरवं चढलेलं, ते घासलं.
काटा आडवाच.
मल्टिमीटर धरला: बारा व्होल्ट येतायत, अर्थ ठीक.
राहिली तिसरी वायर, निरोपाची.
तिच्यासाठी चाक उचलायला हवं
आणि माझा जॅक सकाळपासून तेल गाळत बसलेला.
"डिकीत आहे माझा," ते म्हणाले,
मग घाईनं, "थांबा, मी काढतो."
तोवर मी उघडली होती.

जॅकशेजारी टॉवेलात गुंडाळलेला
अंगणवाडीत टांगतात तसला वजनकाटा.
खाली निळ्या कापडाची झोळी, हातानं शिवलेली, टाके मोजून घातल्यासारखे.
तबकडीवर चिकटपट्टी, बारीक अक्षर:
तपासला. फरक वीस ग्रॅम. पुढील तपासणी तीन महिन्यांनी.
आणि चटईभर सांडलेले तांदूळ,
घोटीच्या गिरणीचं रिकामं पोतं.
मी जॅक घेतला. डिकी लावली.

चाक तेच फिरवत राहिले, दोन्ही हातांनी, धाप लागेपर्यंत,
आणि माझ्या हातातला आकडा हलला नाही.
चाक सांगत होतं, सेन्सर पुढे पोचवत नव्हता.

दहाचा बोल्ट सुटला, सेन्सर सुटेना.
गंजावर तेल मारून चहा सांगितला.
चहा निवत असताना त्यांनी वही काढली.
"मीटर बंद होता तेवढे किलोमीटर चढवून द्याल?"
म्हटलं, "मीटर मागे करून मागणारे रोज येतात, साहेब.
पुढे करून मागणारे तुम्हीच पहिले. दोन्ही करत नाही मी."
त्यांनी पान माझ्यापुढे धरलं.
साडेचौदा लिटर गुणिले चौदा पूर्णांक सहा.
"दोनशे अकरा पूर्णांक सात. वही आणि गाडी जुळत नाही."

मी मनात मांडलं:
घोटी पस्तीस. जाऊन येऊन सत्तर. तीनदा.
उरले एक पूर्णांक सात.
एवढं तर जातंच
पत्ता न मागता घर शोधण्यात.

सेन्सर निघाला एकदाचा, किटाळ माखलेला,
रबरी कडं वाळल्या खोबऱ्यासारखं कडक.
नव्याच्या कड्याला बोटानं तेल लावलं, सरळ बसवला,
कनेक्टर टक्‌ म्हणाला. कोड पुसला.

विल्होळीच्या बाजूला मी चालवली.
ते शेजारी, हातात घड्याळ, नजर बाहेर.
दगड ते दगड.
"नव्वद सेकंद. म्हणजे चाळीस. काटा काय म्हणतो?"
"बेचाळीस," मी म्हणाले, जरा ओशाळूनच.
"दोन जास्त." थोडं थांबून,
"चालतं. मर्यादेत आहे."

पैसे मोजून दिले, जुना सेन्सर मागून घेतला.
बॉनेटवर वही टेकवून नवीन ओळ आखली:
तारीख. न मोजलेले २११.७.
पुढचा रकाना, कारण.
पेन बराच वेळ तिथे नुसतं टेकलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग त्यांनी लिहिलं,
सेन्सर.