निळा म्हणजे गरम

शारजात जून आला की आम्ही गिझर बंद करतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात,
निळ्या नळाला रात्री आठलाही चटका,
आणि बंद गिझरच्या पोटात
कालपासून निवत पडलेलं पाणी.
तेच पुरवून पुरवून दोघांची अंघोळ.
आधी अबीर, कारण तो रडतो.
मग नीरजा, जिला अंघोळ नको असते,
मग हवी असते,
मग बाहेरच यायचं नसतं.

शाळेत तिला शिकवलं,
निळा गार, लाल गरम.
ती म्हणाली, नाही मिस.
वहीत तसा शेरा आहे, मी खाली सही केली.
देवरुखला गेलो तेव्हा मोठ्या विश्वासाने
तिने लाल नळ सोडला.
आत्याने वेळेवर हात ओढला म्हणून.
"यांचं पाणी चुकलंय," ती हुंदके देत म्हणाली,
आणि विमानात बसेपर्यंत
त्या बाथरूमशी बोलली नाही.

हेमंत अजमानहून येतो तोवर
एक झोपलेलं, एक सोंग घेतलेलं.
बूट हातात धरून तो आत येतो,
सोंगाच्या पापणीवर फुंकर घालतो.
ती खुदकन हसते, अबीर उठतो,
मी तिघांवर चिडते.

आता लाल नळही गरमच.
हेमंत बादली भरून एसीखाली ठेवतो,
मी वरण पुन्हा गॅसवर.
एक निवेपर्यंत, दुसरं तापेपर्यंत
फरशीवर बसतो आम्ही,
एकेक पोर मांडीवर घेऊन,
काही न बोलता.